चाळीसगाव ते पाटणादेवी: एका सामूहिक सायकलफेरीचा अनुभव

हौशी सायकलस्वारांच्या एका स्थानिक गटाने गेल्या जानेवारीत काढलेल्या चाळीसगाव–पाटणादेवी सायकलफेरीत मी शुल्क भरून सहभागी झालो होतो. स्वतःची सायकल आणणाऱ्यांसाठी ५५० रुपये आणि गिअरच्या भाड्याच्या सायकलीसह ९०० रुपये असा दर होता. सकाळचे चहा-पोहे, दुपारचे जेवण, वाटेतली दुरुस्ती आणि सामान वाहून नेणारी एक पिकअप गाडी एवढे सगळे त्यात धरलेले होते. जाहिरातीत ‘प्राचीन पाटणची ओळख’ (पाटण म्हणजे पाटणादेवीच्या देवळाच्या परिसरात एके काळी नांदलेले, आता जंगलात हरवलेले नगर) हे शब्द सर्वांत ठळक छापले होते आणि माझे पैसे मुख्यतः त्या तीन शब्दांसाठी गेले होते, हे आधीच सांगून टाकतो. सायकल चालवण्यापुरते बोलायचे तर या गटाला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन. पाटणची ओळख मात्र ज्या घाईने उरकण्यात आली, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहाटे पावणेसहाला रेल्वे स्थानकाजवळ जमायचे होते. धुळ्याहून त्या वेळेला पोहोचणे कठीण, म्हणून मी आदल्या रात्रीच चाळीसगावात बहिणीकडे मुक्कामाला आलो होतो. जळगाव, पाचोरा, भडगाव अशा ठिकाणांहून आलेली आणि स्थानिक मिळून आम्ही सत्तावीस जण होतो. त्यात आठ स्त्रिया, तीन शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेले आम्ही दोघे. खानदेशात उन्हाळ्याच्या तापमानाची चर्चा फार होते, पण जानेवारीतली इथली पहाट बोटे बधिर करणारी असते आणि हातमोजे आणण्याची सूचना गटाने आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून दिली होती, ही गोष्ट मला आवडली.

भाड्याची सायकल हातात देण्यापूर्वी एका स्वयंसेवकाने प्रत्येकाला तिच्यावर बसवून पाहिले. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, पूर्ण ताठ होऊ नये आणि फार दुमडूही नये, या हिशेबाने त्याने बैठकीची उंची लावून दिली. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि साखळीला तेल आहे का, हेही तपासले. भाड्याच्या सायकलीच्या बाबतीत एवढी तसदी घेणारी माणसे मला याआधी भेटलेली नाहीत. सायकल एकवीस गिअरची होती, फार नवी नव्हती, पण गिअर अडखळत नव्हते. बैठक मात्र लाकडी पाटासारखी कडक होती. तिच्यावर घालण्यासाठी मऊ आवरण स्वतःचे आणावे, असे माझे नव्याने जाणाऱ्यांना सांगणे आहे. हेल्मेटशिवाय कोणालाही निघू दिले गेले नाही. एका गृहस्थांनी ‘एवढ्याशा अंतराला कशाला’ म्हणून कुरकुर केली, तेव्हा गटप्रमुखांनी आवाज न चढवता त्यांच्यासमोर हेल्मेट धरले आणि ते डोक्यावर चढेपर्यंत तसेच धरून ठेवले.

निघण्यापूर्वीच्या सूचना दहा मिनिटांत आटोपल्या, पण त्या कामाच्या होत्या. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चालायचे, पुढच्याच्या मागच्या चाकाशी आपले पुढचे चाक भिडवायचे नाही, खड्डा दिसला की हाताने खूण करायची आणि थांबायचे असेल तर आधी डांबरावरून खाली उतरायचे. या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा नियम शेवटी सांगितला गेला: सर्वांत मागे गटाची एक स्वयंसेविका राहील, ती कोणालाही मागे टाकून पुढे जाणार नाही, आणि पुढे गेलेल्यांनी प्रत्येक वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचे. सामूहिक फेरीची पारख मी याच एका गोष्टीवरून करतो. एरवी असे होते की सशक्त मंडळी पुढे पोहोचून विसावतात आणि दमलेला माणूस कसाबसा पोहोचला की ‘चला, निघू या’ म्हणतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. येथे मागचा माणूस आल्यावर पाच मिनिटे मोजून थांबले गेले, आणि हे शेवटच्या थांब्यापर्यंत पाळले गेले.

चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटरवर, नैऋत्येला आहे. जाहिरातीत हा रस्ता ‘सोपा’ या वर्गात टाकला होता. ते खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही. सगळा प्रदेश सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे हळूहळू चढत जातो. डोळ्यांना सपाटच वाटणारा रस्ता मांड्यांना मात्र चढ असल्याचे सांगत राहतो, आणि नवख्या माणसाला वाटते की आपलीच ताकद कमी पडते आहे. माझ्या पुढे असलेल्या एका ताईंनी दोन वेळा उतरून चाक घासते आहे का, ते पाहिले. ‘जाताना चढ आहे, येताना त्याची भरपाई होईल’ एवढे एक वाक्य सुरुवातीला सांगितले असते, तर बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला असता.

दोन्ही बाजूंना वेचणीच्या अखेरीला आलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि मधून मधून दादर ज्वारीची उभी हिरवी शेते होती. बांधावरच्या बाभळींनी मात्र आपला हिसका दाखवलाच. तासाभरात तिघांची चाके बसली. त्यांतल्या एका पाहुण्याने स्वतःची भारी सायकल आणली होती आणि तिच्या ट्यूबची नळी बारीक, लांब, परदेशी पद्धतीची होती. गावातल्या पंक्चरवाल्याकडच्या पंपाचे तोंड तिच्यावर बसेना. गटाच्या पिकअपमध्ये दोन्ही प्रकारच्या नळ्यांना चालणारा उभा पंप होता, म्हणून निभावले. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधण्याची काळजी त्या मुलाने घेतली. ती न घेणारे लोक नवी ट्यूबही दहा मिनिटांत फोडून घेतात.

वाटेत एका टपरीवर चहा झाला. तिथे बसलेल्या एका आजोबांनी आमचे रंगीत कपडे निरखून अहिराणीत विचारले, “कथा चालनात रे भो?” पाटणादेवीला, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “गाडी जास ना तथा, मंग इतला घाम काब्र गाळी ऱ्हायनात?” त्यांना समाधानकारक उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पाटणादेवीच्या अलीकडे पाटणे हे गाव लागते. या गावाच्या परिसरात १९७०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे डॉ. एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची दगडी हत्यारे तिथे थरांमागून थरांत सापडली आणि त्यांच्याबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून बनवलेले मणी व रेषा कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. त्या कवचांचे वय सुमारे २५,००० वर्षे असल्याचे किरणोत्सारी कार्बनच्या कसोटीवर ठरले. आज ज्या शिवारात कपाशी उभी आहे, त्याच शिवारात एके काळी शहामृग फिरत होते आणि त्याच्या अंड्याचे तुकडे घासून, भोक पाडून कोणीतरी गळ्यात घालत होते. भारतातील कलेच्या आरंभाविषयी लिहिताना अभ्यासक पाटण्याचे नाव घेतात. ‘प्राचीन पाटण’ दाखवायला निघालेल्या या फेरीने त्या गावातून ताशी पंधराच्या वेगाने, ब्रेकला हातही न लावता, वाट काढली.

मी थांबलो. मी थांबलो म्हणून मागची स्वयंसेविकाही थांबली, कारण तिला नियमच तसा घालून दिलेला होता. “काका, पंक्चर आहे का?” तिने विचारले. नाही म्हटले, आणि भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मोह आवरत नाही म्हणून, ओढ्याच्या काठाकडे बोट दाखवून तिला सांगितले की पुराने वाहून आणलेला खडा-वाळूचा एक थर, त्यावर गाळाचा, मग पुन्हा खड्यांचा, अशी ही माती चढत जाते, आणि अशाच थरांच्या पोटात ते मणी दडून राहिले होते. ती इथलीच, चाळीसगावात वाढलेली आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. शहामृगाचे तिने पहिल्यांदाच ऐकले. “पण इथे तर पाहण्यासारखे काहीच नाही, काका,” ती म्हणाली. गटाने इथे थांबा का ठेवला नव्हता, याचे कारण बहुधा तेच असावे. देऊळ दिसते, धबधबा दिसतो, मातीचा थर मात्र कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, आणि वाटाड्याला पैसे द्यायचे ते याच कामासाठी ना? आमच्या पाच मिनिटांच्या थांब्यामुळे पुढचा सगळा ताफा वनविभागाच्या नाक्याजवळ खोळंबला होता. कोणी शब्दाने बोलले नाही, पण दोन-तीन जणांनी घड्याळे पाहिली.

नाक्याच्या पुढे गौताळा औट्रमघाट अभयारण्याची हद्द सुरू होते. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. हिवाळा सरत आला की हे पानगळीचे जंगल विरळ होऊ लागते आणि अंजन, साग, धावडा यांच्या फांद्यांतून डोंगराचे कडे स्पष्ट दिसतात. जंगलात बिबट्या आहे, अस्वलही आहे, म्हणून कोणीही ताफ्यापासून सुटून जायचे नाही, ही सूचना येथे पुन्हा दिली गेली. प्लॅस्टिकच्या बाटल्या नाक्यावरच गाडीत जमा करून घेतल्या आणि पाण्याचा मोठा जार पुढे नेला. हे शिस्तीचे काम होते आणि त्याचे श्रेय गटाला दिलेच पाहिजे.

जंगलातील प्राचीन महादेव मंदिर पाहून कोणाचाही थकवा पळेल. उंच जोत्यावर, चुना न वापरता दगडावर दगड बसवून उभारलेले हे मंदिर आज संरक्षित स्मारक आहे. येथील शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ च्या सुमाराचा आहे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने मंदिर बांधावयास घेतले आणि त्याच्या पश्चात राज्याचा कारभार पाहणाऱ्या श्रीदेवी राणीने ते पूर्ण केले, असे त्या लेखावरून कळते. नवऱ्याने अर्धवट ठेवलेले बांधकाम बाईने पुरे केल्याची ही नोंद आमच्यातल्या आठ स्त्रियांना ऐकायला नक्कीच आवडली असती. ती कोणी सांगितली नाही. सांगितले गेले ते एवढेच की मंदिर ‘हेमाडपंती’ आहे. वास्तविक हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराय यांचा मंत्री. त्याचा काळ या मंदिरानंतर शंभरेक वर्षांनी येतो. बांधणीच्या पद्धतीला ते नाव रूढ झाले आहे हे मान्य, पण निदान हा फरक दोन वाक्यांत सांगता आला असता.

यापेक्षा मोठी चूक देवीच्या मंदिरात झाली. तेथील प्रसिद्ध शिलालेखासमोर उभे राहून आमच्या वाटाड्याने ‘येथे भास्कराचार्यांची वेधशाळा होती आणि या दगडावर तसे लिहिले आहे’ असे छातीठोकपणे सांगितले. दगडावर तसे लिहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला हा लेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापन केला आणि सोइदेव व हेमाडिदेव या निकुंभ बंधूंनी त्या मठाला दाने दिली, हा लेखाचा विषय. वेधशाळेचा त्यात शब्दही नाही. गंमत अशी की भास्कराचार्यांचे पाटणशी असलेले नाते सांगायला वाटाड्याला कल्पनेची गरजच नव्हती, कारण त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल राजाने ‘या नगरातून’ आपल्या दरबारी नेले आणि पंडितांचा अग्रणी केले, असे हाच लेख सांगतो. म्हणजे ते घराणे येथे नांदत होते, हे दगडच बोलतो आहे.

लेखाच्या शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत. या पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्यांकडून एकेक पळी तेल. गणित आणि ज्योतिष शिकवणारी शाळा तेल्याच्या पळीभर तेलावर आणि सुपारीवर चालत होती, आणि तो हिशेब संस्कृतात न ठेवता बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत कोरला गेला, यापेक्षा सुंदर गोष्ट मला तरी या जंगलात दिसली नाही. आज घाणे नाहीत, पेठ नाही, पाटणही नाही. झाडीत मातीचे आणि दगडांचे उंचवटे तेवढे दिसतात. शेताच्या जमिनीला आपण काळी म्हणतो आणि वस्तीच्या जागेला पांढरी. गाव उठून गेले तरी राखेने, चुलींनी आणि पडक्या भिंतींनी पांढुरकी झालेली ती माती मागे राहते. एका उंचवट्यावर मुलांना खापरांचे तुकडे दिसले आणि त्यांनी ते खिशात टाकले, तेव्हा त्याच स्वयंसेविकेने ते जिथल्या तिथे परत ठेवायला लावले, याची मी कृतज्ञतेने नोंद करतो.

या सर्वांसाठी वेळ किती दिला गेला, तर दोन्ही मंदिरे मिळून पन्नास मिनिटे, आणि त्यांतली वीस सामूहिक छायाचित्रांत गेली. फलक धरून एक, सायकली डोक्यावर उचलून एक, उडी मारून एक. उडी मारण्याचे छायाचित्र तीन वेळा घ्यावे लागले, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी जमिनीवरच राहत होते. (त्यांतल्या दोन वेळा तो मीच होतो.) जाहिरातीत ‘वेळ उरल्यास’ पितळखोरे लेणी असे लिहिले होते. पाटणादेवीच्या खोऱ्यातून पायी चढून त्या लेण्यांकडे जाता येते आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झालेली ती लेणी उरलेल्या वेळात उरकण्यासारखी नाहीत. त्यांचा उल्लेख जाहिरातीतून काढून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. जवळच्या कन्हेरगड किल्ल्याच्या अंगावरील नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी या लेण्या तर कोणी नावानेही सांगितल्या नाहीत.

जेवणाविषयी मात्र माझ्याकडे तक्रारीला जागा नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचे भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, ठेचा आणि ताक. भरीत मिक्सरमधून काढलेले नव्हते, लाकडाने ठेचलेले होते, आणि त्यात हिरव्या मिरचीचा तिखटपणा खानदेशी माणसाला लाज वाटणार नाही इतपत होता. पाचोऱ्याच्या शाळकरी मुलांनी ताकाचे चार-चार पेले रिचवले. जेवण जंगलाबाहेर, एका शेतातल्या कडुलिंबाच्या सावलीत होते आणि उष्टे-खरकटे गोळा करून गाडीत परत नेले गेले.

परतीचा रस्ता उतरता असल्याने पाऊण तासात संपला. भरपेट भरितानंतर लगेच सायकलवर बसणे कोणालाच सोसत नव्हते. जेवण आणि निघणे यांत अर्ध्या तासाऐवजी तासाभराचे अंतर ठेवावे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाक्यापर्यंत कुठेच नव्हती आणि ती कुठे आहे, हे आधी सांगितलेही गेले नव्हते, ही उणीव आमच्याबरोबरच्या दोन भगिनींनी गटप्रमुखांच्या कानावर घातली. मीही पाटणे येथील थांब्याची, शिलालेखाचे मराठी भाषांतर छापून प्रत्येकाच्या हातात देण्याची आणि छायाचित्रे चाळीसगावला परतल्यावर काढण्याची अशा तीन सूचना केल्या. पहिल्या दोन त्यांनी वहीत लिहून घेतल्या. तिसरीवर ते फक्त हसले.

भाड्याच्या सायकलीसाठी घेतलेली ५०० रुपयांची अनामत जागच्या जागी परत मिळाली. माझ्या मागच्या चाकात निघालेल्या काट्याचे पैसे त्यांनी कापले नाहीत. पुढची फेरी फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी आहे. त्यानंतर उन्हामुळे थेट पावसाळ्यापर्यंत फेऱ्या बंद राहतील, असे सांगण्यात आले.